दुसरा ठोका

अक्काचा हात बरा होतोय असं म्हणणाऱ्याला एक सणसणीत ठेवून द्यावी असं अक्काला वाटायचं, आणि ठेवून द्यायला उजवा हात शाबूत होता. गेला होता तो डावा. गेला म्हणजे मनगटाला होता, नाही असं नाही, पण त्याला हात म्हणणं म्हणजे तीन पायांच्या स्टुलाला आरामखुर्ची म्हणणं. तर्जनी आणि मधलं बोट मुळापासून गेलेलं, अंगठा आत वळून बसलेला, उरलेली दोन बोटं वाकडी. दहा आठवडे झाले होते. शेजारपाजारचे यायचे, हाताकडे बघायचे, मग घाईघाईने भिंतीकडे बघायचे आणि म्हणायचे, बरीच सुधारणा आहे हो. अक्का म्हणायची, तुमचे डोळे तपासून घ्या. दोन-तीनदा असं झाल्यावर लोक यायचे बंद झाले. बरंच झालं, तेवढाच जिन्यावरचा चिखल कमी.

स्वभावच तसा तिचा. नाकावर माशी बसू द्यायची नाही. राहायची धाकट्या भावाबरोबर, म्हणजे खरं सांगायचं तर भाऊच तिच्याबरोबर राहायचा, कारण ते दोन खोल्यांचं घर अक्काच्या पगारातून उभं राहिलं होतं आणि हे ती दर पंधरा दिवसांनी आठवणीने सांगायची. भाऊ ट्रक चालवायचा. आठवड्यातले चार दिवस रस्त्यावर, आणि उरलेले तीन दिवस घरात असूनही नसल्यासारखा, कारण त्याने तोंड उघडलं की बहिणीची बाजू घेतल्यासारखं व्हायचं नाहीतर बायकोची. राहता राहिली भावजय. नणंद-भावजयीचं नऊ वर्षांत एकाही गोष्टीवर एकमत झालं नव्हतं. खिडकी उघडी ठेवायची की बंद, यावरून दोघी दोन-दोन दिवस अबोला धरायच्या.

आणि आता अक्काच्या कपड्यांची बटणं भावजय लावायची. टॉवेल भावजय पिळायची. सगळ्यात वाईट म्हणजे उजव्या हाताची नखं. डाव्याची कापायला उजवा होता, पण उजव्याची कोण कापणार? दर रविवारी अक्का हात पुढे करून, मान दुसरीकडे वळवून बसायची, आणि भावजय नखं अशी कापायची की जणू मागचा सगळा हिशेब चुकता करतेय. अक्का हूं की चूं करायची नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात तो असा.

हात गेला तो कारखाना डब्यांच्या झाकणांचा. लांबलचक शेड, ओळीने दहा प्रेस. प्रेसचं काम सोपं: खालच्या साच्यावर पत्र्याची चकती ठेवायची, दोन्ही बाजूंची दोन बटणं एकदम दाबायची, वरचा साचा धाडकन खाली येतो, झाकण तयार. काढा आणि पुढची चकती ठेवा. बटणं दोन का, तर ठोका पडताना माणसाचे दोन्ही हात बटणांवर असावेत, साच्यात नसावेत. मशीन बनवणारा शहाणाच होता. पण दिवसाची झाकणं ठरवणारा दुसरा एक अतिशहाणा होता, आणि त्याने ठरवलेला आकडा दोन्ही हात बटणांवर ठेवून सात जन्मांत गाठता आला नसता.

मग बायकांनी काय करावं? चौदा वर्षांपूर्वी अक्काने खोक्याच्या फळीचा तुकडा तासला, डाव्या बटणाच्या कडेला ठोकला, आणि बटण दाबलेलंच राहिलं. उजव्या हाताने एक बटण दाबत राहायचं, डावा हात साच्यात ये-जा करायला मोकळा. आकडा दुपारीच गाठला. शेडमध्ये अक्काचं नाव झालं. तेव्हापासून रीतच पडली: नवी बाई आली, महिनाभर टिकली, की अक्का तिला स्वतःच्या हाताने एक पाचर तासून द्यायची. टिकलीस, आता आमची झालीस, असा त्याचा अर्थ. बायका ती ॲप्रनच्या खिशात जपायच्या. सरकारी इन्स्पेक्टर फाटकात दिसला की वॉचमन रिकाम्या पिंपावर दोनदा काठी मारायचा, आणि साहेब शेडमध्ये पोचेपर्यंत दहा पाचरी दहा खिशांत. मालकाला हे माहीत नव्हतं का? अहो, त्या शेडमधला एक खिळा हलला तरी मालकाला कळायचं. पण जे बघायचं नसेल तिकडे तो बघायचाच नाही, आणि त्याबद्दल त्याला कोणी कधी विचारलंही नाही.

अक्काच्या चार नंबरच्या मशीनला एक खोड होती. कधीमधी ते एका ठोक्याच्या जागी दोन मारायचं. पहिला आपण मागितलेला, दुसरा कोणी न मागता. अक्काने सुपरवायझरला तीनदा सांगितलं. सुपरवायझरला बायका घड्याळ म्हणायच्या, कारण तो माणसाशी बोलताना मनगटाशी बोलायचा. मनगटाकडे बघत तो म्हणाला, सांभाळून घ्या अक्का, तुम्हाला काय शिकवायचं. तीनही वेळा हेच. दोन महिन्यांनी एका दुपारी अक्का झाकण काढत असताना दुसरा ठोका पडला.

त्यानंतरचं अक्काला एकच आठवत होतं. शेजारच्या मशीनवरची बुटकी, बारा वर्षांची जोडीदारीण, धावत आली, आणि तिने आधी काय केलं? मशीन बंद नाही केलं. बटणाच्या कडेची पाचर उपसली आणि खिशात टाकली. सवय हो, दुसरं काय. काही झालं, साहेबलोक धावत येणार, पाचर दिसता कामा नये. अक्काचा हात साच्यात आणि बुटकीचा हात पाचरीवर. अक्काने तिला त्याबद्दल कधीच माफ केलं नाही, आणि तिला हे शिकवलं कोणी, हा प्रश्न तिने बरेच दिवस मनात येऊ दिला नाही.

कारखान्याने कागद केला: मशीन ठीक, दोन्ही बटणं ठीक, कामगाराचा निष्काळजीपणा. तो शब्द अक्काने हॉस्पिटलच्या खाटेवर वाचला आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चौदा वर्षांत जिचं एक झाकण वाकडं गेलं नाही ती निष्काळजी? चोराच्या उलट्या बोंबा. इन्स्पेक्टर जबाब घ्यायला आला तेव्हा त्याने विचारलं, बटणाला काही लावलं होतं का. अक्का म्हणाली, नाही. दोन्ही हातांनी बटणं दाबली, ठोका पडला, झाकण काढायला हात घातला तर मशीन आपणहून परत खाली आलं. मशीन आपणहून आलं हे खरं होतं. पाचर नव्हती हे खोटं होतं. पण पाचर कबूल केली असती तर तो शब्द तिच्या नावापुढे कायमचा चिकटला असता, आणि भरपाईही गेली असती.

इन्स्पेक्टरने दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन चार नंबर चालवून पाहिलं. दोनशे ठोके. एकदाही दुसरा ठोका नाही. मालक हसला. इन्स्पेक्टर हट्टी निघाला; तो म्हणाला, महिन्याभराने तक्रारदार बाईंच्या समोर एकदा शेवटची चाचणी घेऊ. तीही ठीक झाली तर फाइल बंद.

या महिन्यातच घड्याळ घरी आला. हाताची चौकशी केली, म्हणजे स्वतःच्या मनगटाची केली, आणि मग म्हणाला की चार नंबर रिकामं आहे, घरचंच माणूस असलं तर बरं. अक्का तोंड उघडायच्या आत भावजय हो म्हणून बसली. शेळी जाते जिवानिशी, खाणारा म्हणतो वातड, असं काहीतरी अक्का मोठ्याने म्हणाली. घड्याळ गेल्यावर भावजयीने शांतपणे सांगितलं, एका पगारात घर कसं चालणार, अक्का. खरं होतं. म्हणूनच अक्काला ते जास्त झोंबलं.

आठवड्यातून तीनदा अक्का हाताच्या व्यायामाला जायची. शिकवणारी मुलगी बावीस-तेवीस वर्षांची, सदा हसतमुख, आणि अक्काला तिचं हसूच सहन व्हायचं नाही. वाळलेले वाटाणे एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाका म्हणे. अंगठा बोटाला लावा म्हणे. व्रणावर खरखरीत कापड घासा, म्हणजे तिथल्या नसांना स्पर्शाची सवय होईल. नसलेल्या बोटांच्या टोकांना मुंग्या यायच्या. त्या खाजवायच्या कुठे, हे त्या मुलीला सांगता आलं नाही. अक्काने एकदा वाटाण्यांची वाटी भिरकावली. मुलीने एकेक वाटाणा गोळा करून वाटी परत समोर ठेवली. त्या दिवशी अक्काला ती थोडी आवडली, पण तसं दाखवलं नाही.

तिथे हाताला शेक द्यायचं एक जुनं उपकरण होतं. बटण दाबलं की आतली तार तापायची. एके दिवशी मुलीने ते अक्काच्या हाती दिलं आणि म्हणाली, बटण सतत दाबून धरू नका हं, आतला भाग तापून चिकटतो, मग सोडलं तरी ते चालूच राहतं.

शेक तसाच राहिला. डोकं मात्र भराभर चालायला लागलं. चार नंबर सकाळी सुरू केल्या केल्या कधी दुसरा ठोका मारायचं का? नाही. दीड-दोन तास सलग चालून झाल्यावर मारायचं. इन्स्पेक्टर असताना? कधीच नाही. आणि इन्स्पेक्टर असताना पाचर कुठे असायची? खिशात. नुसतं मशीन चालवलं तर ते गायीसारखं गरीब. डावं बटण पाचरीने दीड-दोन तास दाबून ठेवलं, की आतलं काहीतरी तापून चिकटत होतं, आणि मग ते कोणाचं ऐकत नव्हतं. दोनशे काय, दोन हजार ठोके मारले तरी इन्स्पेक्टरला ते सापडलं नसतं. ते दाखवायचं तर आधी पाचरीचं नाव घ्यायला हवं होतं. आणि पाचरीचं नाव घ्यायचं तर आपण खोटं बोललो हेही सांगायला हवं होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

घरी आली तर खुंटीवर भावजयीचा ॲप्रन, आणि त्याच्या खिशात कडक काहीतरी. अक्काने ते बाहेर काढलं. नवी कोरी पाचर. अक्का नसल्यामुळे आता बुटकी तासून द्यायची, आणि भावजयीला तर महिना भरायच्या आतच मिळाली होती.

अक्का म्हणाली, ही लावायची नाही. भावजय म्हणाली, का? आता इथे खरं कारण सांगायचं. पण सांगितलं असतं तर भावजय उद्या शेडमध्ये बोलली असती, परवा मालकाच्या कानावर गेलं असतं, आणि चाचणीच्या दिवशी अक्काचं खोटं मालकानेच चव्हाट्यावर आणलं असतं. म्हणून अक्काने नेहमीचंच केलं. ओरडली. कालची पोर तू, तुला मशीन काय कळतं, लायकी आहे का तुझी. भावजयीने तिच्या हातातून पाचर काढून घेतली.

"सगळ्या शेडला ही शिकवली कोणी? तुम्हीच ना? आता माझे दोन हात धड आहेत ते बघवत नाहीत तुम्हाला."

अक्काने पाचरीबद्दल तोंडाला कुलूप लावलं ते लावलंच. एकदा सांगितलं, ऐकायचं नसेल तर मर, असं ती स्वतःशी म्हणाली. हे म्हणणं सोपं होतं. रोज संध्याकाळी मात्र जिन्यावर पावलं वाजली की अक्का दाराकडे तोंड करून बसायची, आणि भावजय दारात आली की अक्का तिचं तोंड न बघता आधी हात बघायची. दोन. दहा बोटं. मग ती काहीतरी खुसपट काढून भांडायची. पाणी सांडलं, दिवा चालू राहिला, काहीही. भावजयीला वाटायचं, बाई दिवसभर घरात बसून विष साठवते. असे अकरा दिवस गेले.

चाचणीचा दिवस उजाडला. सकाळी शेडमध्ये सगळे उभे: मालक इस्त्रीच्या शर्टात, घड्याळ, इन्स्पेक्टर सर्दीने बेजार, नाक पुसून पुसून लाल झालेलं. चार नंबरवर भावजय. शहाण्या मुलीसारखे दोन्ही हात दोन्ही बटणांवर. चकती, ठोका, झाकण. बाकीच्या बायका आपापल्या मशीनवर मान खाली घालून काम करत होत्या आणि त्यांच्या कोणाच्याच बटणाला आज काही नव्हतं. अक्काला त्यांच्यातल्या एकीनेही ओळख दाखवली नाही. बाई तक्रार करून कारखाना बंद पाडणार, असं मालकाने महिनाभर त्यांच्या कानात ओतलं होतं.

तीनशे ठोके झाले. मशीन गायीसारखं गरीब.

इन्स्पेक्टरने सुस्कारा सोडला आणि फाइल काढली. इथे सही करा बाई, चाचणी तुमच्यासमोर झाली म्हणून. बरोबर त्याच पानावर तो शब्द होता, निष्काळजीपणा. अक्काने उजव्या हातात पेन घेतलं. घड्याळ मागे वळून भावजयीला म्हणाला, चला, उरकलं, आता आकडा भरून काढायला लागा. आणि भावजयीचा हात सरळ ॲप्रनच्या खिशाकडे गेला. साहेब अजून चार पावलांवर उभा, आणि हिचा हात खिशात. तिला स्वतःलाही कळलं नसेल.

अक्काने पेन खाली ठेवलं.

"साहेब, मी खोटं बोलले होते. त्या दिवशी पाचर होती. चौदा वर्षं होती, आणि ती मीच काढलेली युक्ती आहे. डावं बटण दोन तास दाबून ठेवा, मग बघा हे मशीन काय करतं ते."

एकेक करून सगळ्या प्रेस थांबल्या. मालक तर आनंदाने फुललाच. ऐकलंत साहेब, स्वतःच्या तोंडाने कबूल झाली. मग एकदम त्याला आपण काय कबूल करतोय ते कळलं असावं, कारण तो गंभीर झाला आणि म्हणाला, आमच्याकडे असलं काही चालत नाही, पाचर-बिचर आम्ही ऐकलेलीसुद्धा नाही. इन्स्पेक्टरने बायकांना विचारलं, कोणाकडे आहे? बुटकीने कानावर हात ठेवले. दुसरीने, तिसरीने. शेवटी अक्काने भावजयीकडे बघितलं. दे, म्हणाली. भावजय तिच्या डोळ्याला डोळा भिडवून म्हणाली, माझ्याकडे काही नाही. खिसा फुगलेला दिसत होता.

मग लाकडाचा कुठलाही तुकडा लावा, असं इन्स्पेक्टर म्हणाला. घड्याळ पुढे झाला: नियमाप्रमाणे चाचणीत बटणाला बाहेरची वस्तू लावता येत नाही, मशीनला काही झालं तर जबाबदार कोण? इन्स्पेक्टर नाक पुसत विचारात पडला. नियम तसा होता खरा.

"हात लावायला तर मनाई नाही ना?" असं म्हणून अक्काने भावजयीला स्टुलावरून उठवलं आणि स्वतः बसली.

डाव्या बटणावर तिने डावा हात ठेवला. तळवा वर टेकवला, वाकडी दोन बोटं बटणाखालच्या पेटीच्या कडेत अडकवली आणि खांद्याचा भार दिला. बटण आत गेलं. उजव्या हाताने दुसरं दाबलं. ठोका पडला. चकती ठेवायला आणि झाकण काढायला इन्स्पेक्टरने भावजयीलाच उभं केलं, बाजूने, लांब चिमटा देऊन, आणि बजावलं की हात आत घालायचा नाही. भावजयीने चिमटा असा घेतला की जणू तो अक्काच्या डोक्यातच घालायचाय.

पहिला अर्धा तास सोपा गेला. मग व्रण ठणकायला लागला. मग तो ठणका कोपरापर्यंत आला, मग खांद्यापर्यंत, आणि नसलेली दोन बोटं कोणीतरी सांडशीत धरून पिळतंय असं वाटायला लागलं. त्या दोघी एकमेकींपासून वीतभर अंतरावर होत्या आणि तासभर एक शब्द बोलल्या नाहीत. मालक दोनदा केबिनमध्ये जाऊन आला. घड्याळ घड्याळ बघत होता, आणि आज पहिल्यांदाच ते बघायचं काही कारण होतं. तास झाला. दीड तास झाला. मशीन इमानदार. इन्स्पेक्टर दोनदा म्हणाला, बाई, पुरे करू या. अक्काच्या हनुवटीवरून घाम टपटप पडत होता. ती त्याला म्हणाली, तुम्ही नाक पुसा.

मनात मात्र तिच्या धाकधूक होती. नाहीच पडला तर? नाव तर गेलंच होतं, आता वर वेडी ठरणार. आणि उद्या सकाळी ही बया परत याच स्टुलावर, खिशातली पाचर काढून, डावा हात आत घालणार.

पावणेदोन तासांनी एक झाकण साच्यात तिरकं अडकलं. चिमट्याने निघेना. भावजय कंटाळली होती, हात अवघडले होते, आणि तीन आठवड्यांची सवय. तिने चिमटा खाली ठेवला आणि हात पुढे केला.

"चिमटा!"

सगळी शेड दचकली. भावजयीने हात मागे घेतला, दात-ओठ खात अक्काकडे बघितलं, चिमटा उचलला आणि साच्यात घातला. अक्काचा उजवा हात तेव्हा मांडीवर होता. तो मांडीवर आहे हे इन्स्पेक्टरने पाहिलं, मालकाने पाहिलं, सगळ्यांनी पाहिलं. आणि मशीन धाडकन खाली आलं.

चिमट्याचं अर्धं टोक जमिनीवर पडलं. उरलेलं अर्धं भावजयीच्या हातात होतं.

मालक काहीतरी योगायोग वगैरे म्हणायला लागला, पण त्याच्याकडे कोणी बघितलंही नाही. इन्स्पेक्टरने स्वतः जाऊन मोठा खटका खाली ओढला, चार नंबरला लाल चिठ्ठी बांधली, मग बाकीच्या नऊ मशिनांकडे बघितलं आणि तीही बंद करायला सांगितली. मग तो अक्कासमोर बसून लिहायला लागला. अपघाताच्या दिवशी पाचर तुम्हीच लावली होती? हो. आधीचा जबाब खोटा? हो. त्याने तेही लिहिलं. मशीन सदोष, हे वर लिहिलं, आणि खाली तो शब्द तसाच राहिला. मला तो काढता येणार नाही बाई, असं तो म्हणाला, आणि त्याला वाईट वाटलेलं दिसत होतं. अक्का म्हणाली, राहू दे.

दहा मशिनं बंद म्हणजे दहा बायका घरी, आणि त्या सगळ्या अक्काकडे बघत होत्या. त्यातल्या एकीच्याही नजरेत आभार नव्हते. भावजय अजून साच्याकडे बघत होती. मग ती अक्काकडे वळली.

"हे तुम्हाला आत्ता कळलं?"

हो म्हणता आलं असतं. कोणाला कळणार होतं? बसल्या बसल्या सुचलं म्हणाली असती तर घरात उद्यापासून तिला पाटावर बसवलं असतं, हात वाचवणारी नणंद म्हणून.

"नाही," अक्का म्हणाली. "अकरा दिवसांपूर्वी."

भावजयीच्या तोंडाचा रंग उडाला. अकरा दिवस रोज दोन-अडीच हजार वेळा तिचा हात त्या साच्यात गेला होता आणि परत आला होता, आणि संध्याकाळी घरी येऊन तिने या बाईच्या कपड्यांची बटणं लावली होती. तिने खिशातून पाचर काढली, इन्स्पेक्टरच्या फाइलवर आदळली, ॲप्रन काढून जमिनीवर टाकला आणि दाराकडे चालायला लागली.

अक्का उठायला गेली आणि उठता आलं नाही. डावा हात बटणावरून निघेना. पेटीच्या कडेत अडकवलेल्या दोन बोटांत पेटका भरला होता, अंगठा रुतून बसला होता, आणि उजव्या हाताने ओढलं की डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. बुटकी एक पाऊल पुढे आली आणि थांबली. बाकी कोणी तेवढंही केलं नाही. इन्स्पेक्टर विचारत होता, काय झालं बाई? अक्का म्हणाली, काही नाही, तुम्ही जा. बंद पडलेल्या मशीनला चिकटून ती तशीच बसून राहिली.

भावजय दारापर्यंत गेली होती. तिने मागे वळून पाहिलं. मग ती परत आली, स्टुलाशी गुडघ्यावर बसली आणि अक्काचं पहिलं बोट धरून तिने कडेवरून सोडवलं. हळुवारपणे मुळीच नाही. अक्का ओरडली. ती थांबली नाही. दुसरं सोडवलं. मग अंगठा.

"अकरा दिवस," असं ती दातांतल्या दातांत म्हणत होती, आणि तिने आपल्या दोन्ही हातांनी तो हात बटणावरून उचलला.